अभ्यासात मागे पडणारे मूल : मेंदू आणि लक्ष

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या पालक मेळाव्यातील भाषण)



दरवर्षी या दिवशी दहावी-बारावीत चांगले गुण मिळवणाऱ्या मुलांचा आपण सत्कार करतो. आताच तो झाला. टाळ्या वाजल्या, फोटो निघाले, आनंद वाटला. पण आम्ही मागे उभे होतो आणि आमचे लक्ष दुसरीकडेच होते. शेवटच्या दोन रांगांत काही आया बसल्या आहेत, त्यांच्या मुलांचे नाव या यादीत कधी येत नाही. आज त्यांच्याशी बोलायचे आहे. सत्कार झालेल्यांनी रागावू नये.

आम्ही म्हणजे विहाराच्या मागच्या खोलीत संध्याकाळची अभ्यासिका चालवणारे चौघेजण. आमच्यापैकी कोणी डॉक्टर नाही. दोघे शिक्षक, एकजण बँकेत, आणि एक ताई दवाखान्यात कामाला. त्यामुळे जे सांगणार आहोत ते वाचून, जाणकारांना विचारून आणि चुका करून शिकलेले आहे. चुकांपासूनच सुरुवात करतो.

काही वर्षांपूर्वी पाचवीतला एक मुलगा अभ्यासिकेत आला. आई सोबत होती. तिने पिशवीतून प्रगतिपुस्तक काढून दाखवले. प्रत्येक सत्रात एकच शेरा : लक्ष देत नाही, घरी अभ्यास घ्यावा. आई म्हणाली, "सर, मारूनसुद्धा बघितलं. वाचायला बसवलं की याला तहान लागते, लघवीला लागते, पोटात दुखतं. पण वडिलांच्या भाजीच्या गाडीवर उभा केला तर अडीच किलो बटाटे, पावशेर मिरची, पैसे किती आणि सुटे किती, सगळं तोंडी सांगतो." आम्ही त्याला धडा वाचायला दिला. 'पावसाळा' हा शब्द त्याने 'पा... पास...' असा सुरू केला आणि मग चित्राकडे बघून 'छत्री' म्हणाला. पोरे हसली.

आम्ही काय केले? आम्हीही तेच केले जे शाळेने केले होते. त्याला पहिल्या रांगेत बसवले, रोज दहा पाने शुद्धलेखन दिले, आणि वर "लक्ष दे, लक्ष दे" असा धोशा लावला. पंधरा दिवसांत तो यायचा बंद झाला. आई येऊन सांगून गेली की आता तो 'मला डोकंच नाही' असे म्हणतो. हे वाक्य त्या पोराच्या तोंडी घालण्यात आमचाही हात होता. त्यानंतर आम्ही शोधाशोध सुरू केली.

तर पहिली गोष्ट. असे मूल ही काही आजची किंवा आपल्याच वस्तीतली गोष्ट नाही. १८९६ साली इंग्लंडमधल्या प्रिंगल मॉर्गन नावाच्या डॉक्टराने ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाची हकीकत छापली. मुलाचे नाव पर्सी. हुशार, चलाख, खेळात कोणाच्या मागे नाही, गणित ठीक. सात वर्षांचा असल्यापासून त्याला शाळेत आणि घरी शिकवणीवाले लावून शिकवत होते, तरी साधे शब्द वाचता येत नव्हते. स्वतःचे नाव त्याने 'प्रेसी' असे लिहिले आणि कोणी दाखवून देईपर्यंत चूक त्याच्या ध्यानातही आली नाही. त्याच्या मास्तरांचे मत असे होते की शिक्षण सगळे तोंडी असते तर हाच मुलगा शाळेत सर्वांत हुशार ठरला असता. आमच्या भाजीच्या गाडीवरच्या पोराचे वर्णन सव्वाशे वर्षांपूर्वीच कोणीतरी लिहून ठेवले होते असे आम्हाला वाटले.

पुढे १९६३ साली अमेरिकेत शिकागो येथे पालकांच्या एका परिषदेत सॅम्युअल कर्क या शिक्षणतज्ज्ञांनी अशा मुलांसाठी जे नाव सुचवले, त्याला आपण मराठीत 'अध्ययन अक्षमता' म्हणतो. त्यात वाचनाची अडचण असेल तर डिस्लेक्सिया, लेखनाची असेल तर डिस्ग्राफिया, आकडेमोडीची असेल तर डिस्कॅल्क्युलिया. नावे अवघड आहेत, पाठ करायची गरज नाही. एवढे ध्यानात ठेवा की बुद्धी कमी असणे वेगळे आणि हे वेगळे. जगभरच्या अंदाजाप्रमाणे शाळेत जाणाऱ्या शंभर मुलांमागे पाच ते पंधरा मुलांना अशी काही ना काही अडचण असते. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात तीन तरी असणारच.

आता मेंदूकडे येऊ. आपण समजतो की बोलणे जसे मुलाला आपोआप येते तसे वाचणेही आले पाहिजे. तसे नाही. माणूस बोलतो आहे हजारो पिढ्या. लिपी मात्र पाच-सव्वापाच हजार वर्षांची, आणि सर्वसामान्य माणसाच्या हातात ती आली अगदी काल-परवा. आपल्या घरांत तर कितीतरी आज्यांपर्यंत ती पोचलीच नाही, त्यांना पोचू दिली नाही, हे इथे वेगळे सांगायला नको. त्यामुळे जन्मताना मेंदूत वाचनाचा असा वेगळा भाग नसतोच. डोळ्यांनी आकार ओळखणारा भाग, कानांनी आवाज वेगळे करणारा भाग आणि बोलण्याचा भाग, या तिघांना जोडणारी वाट प्रत्येक मुलाला नव्याने पाडावी लागते. ज्याला शिकवले त्याच्या मेंदूत ती पडते, ज्याला शिकवलेच नाही त्याच्यात पडत नाही.

याचा एक सुंदर पुरावा आपल्याच देशात मिळाला आहे. लखनौजवळच्या खेड्यांतल्या निरक्षर माणसांना सहा महिने देवनागरी वाचायला शिकवले गेले. त्यात बहुतेक तिशीच्या आसपासच्या बाया होत्या. शिकण्याच्या आधी आणि नंतर त्यांच्या मेंदूची छायाचित्रे घेतली. सहा महिन्यांत त्या पहिलीच्या मुलाएवढे वाचू लागल्या, आणि तेवढ्यात मेंदूच्या वरच्या थरातच नव्हे, तर खोलवरच्या भागांतही फरक दिसला. हे संशोधन २०१७ साली प्रसिद्ध झाले. ज्या बाईच्या हातात तिशीपर्यंत पाटी आली नव्हती तिचा मेंदूही शिकायला तयारच होता. आमच्यातल्या एकाची आई रात्रीच्या प्रौढ साक्षरता वर्गाला जायची आणि अंगठ्याऐवजी सही करता आली त्या दिवशी तिने शेजारपाजारी साखर वाटली होती. हे वाचताना तिची फार आठवण आली.

मग ज्या मुलाला पहिलीपासून शिकवले त्याची वाट का पडत नाही? बहुतेकांच्या बाबतीत अडचण डोळ्यांत नसते. घ-ध, भ-म यांत गोंधळ होतो म्हणून लोकांना वाटते मुलाला उलटसुलट दिसते. पण मूळ अडचण बहुधा आवाजाची असते. 'कमळ' हा एक सलग आवाज नसून त्यात क, म, ळ असे तीन तुकडे आहेत, हे सुटे करून पकडणे या मुलांना जड जाते. तुकडेच हाताला लागत नाहीत तर अक्षर कशाला चिकटवायचे? १९९० नंतर मेंदूतला रक्तप्रवाह दाखवणारी यंत्रे आली तेव्हा वाचताना काय होते ते बाहेरून बघता येऊ लागले. सराव झालेल्या वाचकाच्या मेंदूत डाव्या बाजूचा, कानामागचा आणि त्याच्याही मागचा भाग चटकन कामाला लागतो. डिस्लेक्सिया असलेल्या मुलांत तिथे हालचाल कमी दिसते, आणि पुष्कळदा पुढचा भाग किंवा उजवी बाजू जादा राबताना दिसते. म्हणजे हमरस्ता बंद असल्यामुळे मूल गल्लीबोळांतून फिरून जाते. पोचते, पण उशिरा आणि दमून.

आपल्या लिपीची एक स्वतःची गंमत आहे. 'कि' लिहिताना वेलांटी आधी आणि क नंतर. बोलताना क आधी आणि इ नंतर. उकार खाली, मात्रा वर, रफार डोक्यावर आणि तोही पुढच्या अक्षराच्या. हरियाणातील मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात देवनागरी वाचणाऱ्यांवर अभ्यास झाला. त्यात डाव्या बाजूच्या नेहमीच्या भागांबरोबर जागेचे, वर-खालीचे भान ठेवणारे भागही कामाला लागलेले दिसले. मोठ्यांना याचे काही वाटत नाही. पण अडखळणाऱ्या मुलाला एक शब्द म्हणजे चार ठिकाणी बघायचे काम असते.

आता त्या शेऱ्याकडे येतो. लक्ष देत नाही.

शिलाई मशीनवर पहिल्यांदा बसलेली मुलगी आठवा. पाय पायडलवर, एक हात चाकावर, एक कापडावर, डोळे सुईवर. त्या वेळी तिला कोणी हाक मारली तर एकतर ऐकू येत नाही, नाहीतर धागा तुटतो. अर्ध्या तासात मान आखडते आणि ती उठते. तीच बाई दहा वर्षांनी ब्लाऊज शिवता शिवता शेजारणीशी गप्पा मारते, दूध उतू चालले तेही बघते. तिचे लक्ष वाढलेले नसते, शिवणकामाला लागणारे लक्ष कमी झालेले असते. वाचनाचे तसेच. वाट पडली की अक्षरे ओळखायला लक्ष लागत नाही, ते सगळे अर्थाकडे जाते. ज्याची वाट पडलेली नाही त्याचे सगळे लक्ष अक्षरातच संपते. ओळीच्या शेवटी येईपर्यंत सुरुवात विसरलेली असते. दहा मिनिटांत मूल खिडकीबाहेर बघायला लागते आणि मग बाई लिहितात : लक्ष देत नाही. अहो, होते नव्हते तेवढे त्याने देऊन टाकलेले असते!

म्हणून आमचे म्हणणे असे की दुर्लक्ष हे पुष्कळ वेळा न येण्याचे कारण नसून परिणाम असतो. हे ओळखायची एक सोपी खूण आहे. तेच मूल गोष्ट ऐकताना, कॅरम खेळताना, गाडीवर हिशेब करताना किती वेळ टिकते ते बघा. तिथे टिकत असेल आणि फक्त पुस्तकापुढे सुटत असेल, तर वाचनाची तपासणी आधी करावी.

सगळ्यांचे मात्र असे नसते. काही मुलांचे लक्ष सगळीकडेच सुटते, ती एका जागी बसूच शकत नाहीत, पाळी येईपर्यंत थांबत नाहीत, रस्त्यावर तशीच धावतात. त्याला अवधानाचा आणि अतिचंचलतेचा विकार म्हणतात आणि तो वेगळा आहे. बऱ्याच मुलांत दोन्ही एकत्रही असतात. २००७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा २२३ मुलांचे मेंदू इतर २२३ मुलांशी ताडून पाहिले. मेंदूचा वरचा थर जाड होण्याचा टप्पा इतर मुलांत साधारण साडेसात वर्षांच्या सुमारास येत होता, तर या मुलांत साडेदहाच्या सुमारास. क्रम तोच, वेळ उशिराची. सर्वांत जास्त उशीर पुढच्या भागात, म्हणजे जिथून माणूस स्वतःला आवरतो तिथे. दहा वर्षांच्या पोराला आपण "एवढा घोडा झालास तरी" म्हणतो तेव्हा आवरण्यापुरता तो सात वर्षांचा असू शकतो. अशा मुलांना डॉक्टर काही वेळा औषध देतात, त्याने लक्ष टिकायला मदत होते. पण औषधाने बाराखडी येत नाही. ती शिकवावीच लागते.

आता जरा सावध करायचे आहे, कारण यात आपल्या लोकांचे पैसे जातात.

मेंदूत वीज खेळते हे खरे आहे. जर्मनीतल्या हान्स बर्गर या डॉक्टराने १९२४ साली माणसाच्या डोक्यावरून ती पहिल्यांदा टिपली आणि १९२९ साली जाहीर केली. डोळे मिटून शांत बसले की सेकंदाला आठ ते बारा अशा लाटा दिसतात, मन एखाद्या कामाला लागले की त्या कमी होतात. लक्ष कमी टिकणाऱ्या मुलांच्या गटात संथ लाटा जरा जास्त दिसतात असे पुष्कळ वर्षे सांगितले गेले. त्यावरून यंत्रे निघाली. डोक्याला तारा लावून मुलाला पडद्यावरचा खेळ खेळवायचा आणि लाटा 'सुधारायच्या'. २०२० साली याची कडक परीक्षा झाली. सात ते दहा वर्षांच्या १४४ मुलांपैकी काहींना खरे यंत्र आणि काहींना नुसते दाखवायला लावलेले. कोणाला कोणते, ते मुलांना, पालकांना वा शिकवणाऱ्यांना माहीत नव्हते. दोन्ही गट सारखेच सुधारले. म्हणजे जो फायदा झाला तो नियमित येण्याचा, बसण्याचा, कोणीतरी पाठ थोपटण्याचा. लाटांचा नव्हे. एका मुलाच्या लाटा बघून त्याला विकार आहे की नाही हेही खात्रीने सांगता येत नाही.

याहून वाईट प्रकार म्हणजे 'मिड-ब्रेन ॲक्टिव्हेशन'चे वर्ग. मुलाच्या डोळ्यांवर पट्टी बांधतात आणि ते रंग ओळखते, पुस्तक वाचते असे दाखवतात. मध्यमेंदू हा डोळ्यांची हालचाल, जागेपण असली कामे जन्मापासून करतच असतो, तो बंद असता तर मूल तुमच्यासमोर उभेच राहिले नसते. आणि वाचन होते ते पट्टीखालून, नाकाच्या कडेच्या फटीतून. आमच्या ओळखीच्या एका घराने भिशी लागली ती सगळी अशा वर्गात घातली. पोरगं घरी आल्यावर म्हणालं, "आई, मला खालून दिसत होतं, पण सगळे टाळ्या वाजवत होते म्हणून बोललो नाही." वाचन येत नाही ते नाहीच, वर खोटे बोलायला शिकवले. ज्या मुलाचा मुळात शाळेने अपमान केलेला असतो, ते टाळ्यांना किती भुकेले असेल याचा विचार करा.

इथे बसलेल्यांपैकी कोणीतरी नक्की विचारणार, मग मुलांना आनापान शिकवले तर? शिकवा, अवश्य शिकवा. शांत बसायची सवय कोणालाही चांगलीच. पण श्वासावर लक्ष ठेवून घ आणि ध यांतला फरक कळत नाही. ध्यानाने वाचन सुधारेल असे आम्ही कोणाला सांगणार नाही.

मग सुधारते कशाने? शिकवण्याने. अमेरिकेत टेक्सास राज्यात सात ते सतरा वर्षांच्या आठ मुलांना दोन महिन्यांत ऐंशी तास शिकवले. पद्धत एकच : शब्दातले आवाज सुटे करायचे आणि अक्षराला जोडायचे. आधी त्यांच्या मेंदूत डाव्या बाजूला हालचाल फारच कमी होती, उजवीकडे जास्त. ऐंशी तासांनंतर डावी बाजू कामाला लागलेली दिसली आणि वाचनही सुधारले. २००२ साली हे प्रसिद्ध झाले. मुले आठच होती हे खरे, पण नंतर इतर ठिकाणीही तशाच प्रकारचे बदल दिसले. आम्ही हिशेब केला. रोज अर्धा तास धरला तर ऐंशी तास म्हणजे १६० दिवस. ही फी आपल्यालाही परवडते.

आता जी गोष्ट आम्हाला सर्वांत जास्त खुपते ती सांगतो. १९७५ साली अमेरिकेने अपंग मुलांच्या शिक्षणाचा कायदा केला. त्यात अध्ययन अक्षमतेची व्याख्या करताना असे लिहिले की परिस्थिती, संस्कृती किंवा गरिबी यांमुळे जे मूल मागे पडले आहे ते यात धरायचे नाही. हेतू वाईट नसेल. पण परिणाम काय झाला? बंगल्यातले मूल वाचू शकले नाही तर त्याला डिस्लेक्सिया, आणि वस्तीतले मूल वाचू शकले नाही तर घरचे वातावरण! आपल्याकडे कायद्यात काय आहे ते पुढे सांगतो, पण मनात हेच बसलेले आहे. आई धुणीभांडी करते, बाप गाडी लावतो, मग पोरगं कसं शिकणार, असे म्हटले की विषय संपला. काहींच्या मनात याहूनही जुने उत्तर असते. ते तोंडाने म्हणत नाहीत, पण आपल्याला ऐकू येते. आणि दुःख याचे की आपणही ते ऐकून गप्प बसतो. बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितले, म्हणून मूल शिकत नाही म्हटल्यावर आईबापांना घराण्याला डाग लागल्यासारखे वाटते आणि ते लपवतात. गरीब घरातही डिस्लेक्सिया असतो, आणि शिकवण्यातली कसरही असते, आणि दोन्ही एकाच पोराच्या वाट्याला येऊ शकतात. कोणते किती, हे तपासल्याशिवाय कोणाला सांगता येत नाही. तपासून मागणे हा आपला हक्क आहे.

तो असा. महाराष्ट्र सरकारने १९९६ पासून अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना दहावीच्या परीक्षेत सवलती दिल्या. जादा वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांची माफी, गणिताऐवजी सोपे गणित असे त्यांचे स्वरूप होते. सवलती आणि नियम बदलत असतात, शाळेत लेखी विचारून घ्यावे. केंद्राच्या २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत आणि त्यांत हाही आहे. दाखला साधारण आठव्या वर्षानंतर मिळतो. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात त्यासाठीचा विभाग आहे. आधी डोळे आणि कान तपासतात, मग बुद्धीची चाचणी, मग वाचन-लेखन-गणिताची. फेऱ्या मारावा लागतात, रोज बुडतो, हे आम्ही बघितले आहे. म्हणून आमच्यातले कोणीतरी सोबत येते. चाचणी कोणत्या भाषेत घेणार ते मात्र विचारा. मराठी शाळेतल्या मुलाला इंग्रजी चाचणीने मोजले तर काय कळणार? २०१५ साली मानेसरच्या त्याच केंद्राने पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा चाचण्या तयार केल्या आहेत.

दाखल्याची वाट बघत बसू नका. तोवर घरी करण्यासारखे बरेच आहे. प्रथम चष्मा लागतो का, कान फुटलेला आहे का, अंगात रक्त कमी आहे का हे बघून घ्या. रक्त कमी असलेले मूल बसल्या जागी पेंगते आणि आपण त्याला आळशी म्हणतो. मग खेळ. 'कमळ' मधला 'म' काढला तर काय राहिले? कळ. 'वारा' मधल्या 'वा' च्या जागी 'ता' घातला तर? तारा. हे भाकऱ्या करतानाही विचारता येते, त्याला पुस्तक लागत नाही आणि आईला वाचता येत नसले तरी चालते. अक्षर ताटात रवा पसरून बोटाने गिरवून घ्या, तोंडाने आवाज म्हणत. घ आणि ध एकाच दिवशी शिकवू नका, एक पक्का होऊ द्या. दहा मिनिटे झाली की उठू द्या आणि परत बसवा. इतिहास-विज्ञानाचा धडा दादाने किंवा ताईने मोठ्याने वाचून दाखवावा, म्हणजे वाचन अडले म्हणून ज्ञान अडायला नको. आणि शाळेत कोणी मारले तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने त्याला बंदी आहे, हे नम्रपणे पण लेखी कळवा. घरच्या मारालाही तोच नियम लावला तर बरे.

तो मुलगा परत आला का, असे तुम्ही विचाराल. आला. आम्ही चौघे त्याच्या वडिलांच्या गाडीवर गेलो, भाजी घेतली आणि आमचे चुकले असे त्याला सांगितले. तो काही बोलला नाही, हिशेब मात्र बरोबर केला. चार दिवसांनी आला. आज तो नववीत आहे. अजून सावकाश वाचतो, जोडाक्षराला थबकतो, निबंधात वेलांट्या चुकतात. दाखला मिळाला आहे, जादा वेळ मिळेल. मागच्या महिन्यात वडिलांना मंडईच्या परवान्याचा कागद आला, तो त्याने वाचून दाखवला. पाऊण तास लागला, पण कागद दुसऱ्या कोणाकडे न्यावा लागला नाही.

अभ्यासिका सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी सात ते साडेआठ असते. अडणाऱ्या मुलांसाठी शेवटचा अर्धा तास वेगळा ठेवला आहे, एका वेळी चारच मुले घेतो. येताना प्रगतिपुस्तक आणू नका, मुलाच्या नेहमीच्या वह्या आणा, फाटक्या असल्या तरी. मूल कुठे अडते ते चुकांवरूनच कळते. फी नाही. शिकवायला मात्र माणसे कमी पडतात. आज ज्यांचा सत्कार झाला त्या बारावीच्या मुलामुलींपैकी दोघे-तिघे आठवड्यातून दोन दिवस देऊ शकले तर चारऐवजी आठ मुले घेता येतील. नावे कार्यक्रम संपल्यावर दाराजवळच्या ताईंकडे द्यावीत.

नमो बुद्धाय. जयभीम.